तीन सांजकाट्या आणि तापलेलं सिंहासन

एका राज्यात, राजवाड्याच्या माजघराबाहेर, धाकटी सून रिकामी ताटं उचलायला म्हणून आली आणि उंबऱ्याशीच थबकली. आत राजा आणि राणी, म्हणजे तिचे सासूसासरे, बोलत होते.

“मुलीचं काय एवढं?” राणी कांचनप्रभा म्हणत होती. “रोप जगलं म्हणजे झालं. आणि सोनाराला तिसरा पिंजरा घडवायला सांगून ठेवा. मागच्या वेळी ऐन वेळेला किती धावपळ झाली.”

“हूं,” राजा दंडधर म्हणाला. तो उभ्यानं जेवत होता.

सुनेचं नाव नीहारा. हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. सासरी आल्यापासून ‘हो’, ‘बरं’ आणि ‘वाढू का?’ यापलीकडे ती फारसं बोलली नव्हती, आणि ही मुकी तर नव्हे ना, अशी दासींमध्ये कुजबूज चाले. ती मुकी नव्हती. ती ऐकत होती. त्या दिवशी ती आल्या पावली परत फिरली, भिंतीआड गेली आणि आपल्या डाव्या बाहीत हात घालून कोपरापाशी चाचपू लागली. सकाळी तिथं एक पीस उगवलं होतं. आता दोन होती.

हे पीस कुठून आलं ते कळायचं, तर राजा उभ्यानं का जेवत होता ते आधी कळलं पाहिजे.

त्या राज्याचं सिंहासन शापित सोन्याचं होतं. राजाच्या खापरपणजोबानं ते सोनं वज्रकंटका नावाच्या चेटकिणीच्या वाळवंटांतून उकरून आणलं, आणि उकरताना तिची लाडकी झाडं मुळासकट उपटून फेकली. चेटकिणीनं शाप दिला. तेव्हापासून त्या सिंहासनावर जो बसे तो किंचाळून उठे. चुलीवरच्या तव्यासारखं ते सोनं भाजे. दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ चटई अंथरली असती. पण या घराण्याचा मान मोठा. राजानं बसायचं तर सिंहासनावरच, त्याहून खालच्या आसनावर नाही, असा नेम त्यांनी आपणच आपल्याला घालून घेतला होता. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथले राजे उभे राहून राज्य करत. उभ्यानं न्याय, उभ्यानं जेवण, उभ्यानं गाणं ऐकणं. आडवं व्हायची तेवढी मुभा होती. दंडधराचे गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते, आणि ज्याचे गुडघे ठणकतात त्याचा न्याय कसा असतो ते प्रजा अनुभवून होती.

शापाला उःशाप होता. भाट तो रोज सकाळी गात. तीन वाळवंटांतल्या तीन सांजकाट्या वाड्याच्या अंगणात फुलतील, तेव्हा सिंहासन गार होईल.

सांजकाटी हे त्या राज्यातलं झुडूप. अंगभर काटे, इवलीशी पानं, आणि फुललंच तर सांजवेळी फुलायचं. राज्याच्या झेंड्यावर तिचं चित्र होतं. डोंगरमाथ्यावरच्या थंड वाळवंटात ती उगवे, मधल्या खाऱ्या वाळवंटात उगवे, आणि समुद्राकाठच्या धुक्याच्या वाळवंटातही उगवे. पण मागितलं म्हणून रोप कोण देणार? वाळवंटातल्या माणसांची रीत अशी, की दारच्या सांजकाटीचं रोप काढायचं ते लेकीच्या लग्नात, आणि घालायचं ते तिच्याच ओटीत. तेव्हा राजघराण्यानं सोपा उपाय काढला. एकेका वाळवंटातली मुलगी करून आणायची.

थोरल्या राजपुत्राला डोंगरातली तुंगा केली. मधल्याला खाऱ्या वाळवंटातली लवणा केली. दोघींची रोपं अंगणात लागली आणि दोन्ही मेली. एकेक पान गळे तसं मुलीच्या अंगावर एकेक पीस उगवे, आणि शेवटचं पान गळलं की मुलीचं पाखरू होई. तुंगा पांढरं पाखरू झाली, लवणा राखी पाखरू झाली. दोघींचे सोन्याचे पिंजरे राजसभेत टांगलेले होते. पाहुणे आले की दोघींनी ‘महाराजांचा जयजयकार असो’ असं म्हणायचं. नाही म्हटलं तर दाणे मिळत नसत. आणि एवढं होऊन गावात बोललं काय जाई? तर थोरलीचा पायगुण वाईट, मधलीचा त्याहून वाईट, आणि बिचाऱ्या राणीसरकार, दोन सुना आल्या पण एक धड निघाली नाही.

तिसरा राजपुत्र सुरथ. त्याच्यासाठी धुक्याच्या वाळवंटातली नीहारा आली. तिचंही रोप अंगणात लागलं.

रोज भर दुपारी राणी सोन्याचा कलश घेऊन अंगणात येई, मंत्र म्हणे, आणि काठोकाठ भरलेला कलश रोपाच्या बुंध्याशी रिता करी. तुंगाच्या रोपाला हाच कलश होता, लवणाच्या रोपाला हाच होता, नीहाराच्याही रोपाला हाच. मनापासून ओती, त्यात खोट नव्हती. झेंड्यावर सांजकाटी एकच होती, मग अंगणात तिच्या तीन तऱ्हा कशा असतील?

नीहारानं एकदा हळूच म्हणून पाहिलं होतं. “सासूबाई, आमच्याकडे हिला पाणी...”

“तुमच्याकडे,” राणी म्हणाली, आणि कलश ओतून झाला.

पाखरांना दाणे घालायचं काम धाकट्या सुनेकडे होतं. सभा रिकामी असताना ती पिंजऱ्यांपाशी गेली.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “मला पिसं फुटायला लागली.”

“म्हणजे पानं गळायला लागली,” तुंगा म्हणाली. “घाबरून फडफड करू नकोस. फडफडीनं भूक लागते, आणि इथं दाणे बेतानं मिळतात.”

“तिसरा पिंजरा घडवायला टाकलाय.”

“टाकणारच,” लवणा म्हणाली. “या घरात तेवढं एक काम वेळेवर होतं.”

“तुमची रोपं कशानं गेली हो?”

“माझं फुगलं, फुगलं आणि फुटलं,” लवणा म्हणाली. “मला मागणी आली तेव्हा सांगितलं होतं, मुलीला आणि तिच्या रोपाला रोज कलशभर गोडं पाणी देऊ. खाऱ्या वाळवंटातल्या माणसांना अजून काय हवं? माझ्या बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.”

“माझं आतून कुजलं,” तुंगा म्हणाली. “वरची लोकरीसारखी लव तशीच पांढरीशुभ्र. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, बघा, कसं टवटवीत आहे.”

नीहारा दाण्यांची वाटी हातात धरून उभी राहिली. “म्हणजे तहानेनं नाही गेली. मग सांजकाटी जगते तरी कशावर?”

मग तुंगा म्हणाली, “जन्मभर दारात होती गं, पण जगते कशी ते कोण बघतं? तू जाऊन बघ. माझ्या माहेरची बघ, हिच्या माहेरची बघ, तुझ्या माहेरची बघ. एक मात्र कर. फुलेपर्यंत तिच्या शेजारी भुईवर बस. मधेच उठलीस तर काही बघितलंच नाहीस असं समज. उभ्याउभ्या बघणारे इथं पुष्कळ आहेत.”

पहिलं माहेरपण कुणाला अडवता येत नाही, राणीलाही नाही. “जा बाई,” राणी म्हणाली. “रोप मात्र इथंच राहील. त्याची काळजी मी घेईन.”

ती काळजी घेत होती, हीच तर काळजी होती.

निघताना नीहारानं नवऱ्याला बाजूला घेतलं. सुरथ स्वभावानं गरीब होता आणि आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता.

“एक मागते,” ती म्हणाली. “दुपारचं पाणी रोपाला घालू देऊ नका.”

“आईला विचारून सांगतो.”

“त्यांना विचारायचं असतं तर मीच विचारलं असतं. तुम्हाला कशाला सांगितलं असतं?”

सुरथ बघतच राहिला. तिचं इतकं लांब वाक्य त्यानं प्रथमच ऐकलं होतं. नीहारा सांडणीवर चढली, बाही मनगटापर्यंत ओढून घेतली आणि डोंगराच्या वाटेला लागली.

डोंगरमाथ्यावरचं वाळवंट दगडाचं होतं. वारा असा, की डोक्यावरचा पदर हातात धरून चालावं लागे. तुंगाची आई दगडी घराच्या दारात लोकर पिंजत बसली होती.

“राजवाड्यातून आलीस?” तिनं विचारलं. “आमची तुंगा सुखात आहे ना? पाटराणी होणार म्हणाले होते. तेव्हापासून निरोप नाही.”

नीहाराला खरं सांगवेना आणि खोटं बोलवेना. “त्यांनीच पाठवलंय मला,” ती म्हणाली. “तुमच्या दारच्या सांजकाटीशी बसायला सांगितलंय.”

त्या बाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. आईला जे कळायचं ते कळलं. तिनं हातातली लोकर खाली ठेवली आणि बोट दाखवलं. “ती तिथं.”

नीहाराला आधी दिसलीच नाही. तिच्या माहेरची सांजकाटी कमरेएवढी, मोकळ्या फांद्यांची. ही तर खडकाच्या आडोशाला अंग आखडून निजलेल्या पांढऱ्या मांजरासारखी. पानं एकमेकांना चिकटून दाटीवाटीनं बसलेली, वर दाट लव. नीहारा शेजारी बसली. वारा अंगातून आरपार जाऊ लागला तेव्हा तिनंही झाडासारखी खडकाला पाठ लावली, गुडघे पोटाशी घेतले, आणि मग जरा बरं वाटलं. तिनं झाडाच्या लवेत बोट घातलं. आत ऊब होती, कोंबडीच्या पंखाखाली असते तशी. दिवसभराचं ऊन झाडानं लोकरीत धरून ठेवलं होतं. खडकावरच्या बर्फाचा कधीतरी एक थेंब सुटे, तो झाड पिई, आणि पुन्हा गप्प राही. एवढ्यावर त्याचं भागत होतं. या झाडावर राजवाड्याच्या उन्हात रोज कलश ओतला तर काय होईल? ओल्या घोंगडीत गुंडाळून उन्हात ठेवलं तर माणसाचं काय होईल, तेच.

दिवस गेले. नीहाराच्या दोन्ही हातांवर पिसं दाटली. थंडीत ती फार उपयोगी पडली. सासरहून मिळालेली पहिली कामाची वस्तू, असं तिच्या मनात आलं. तुंगाची आई गरम कांजी आणून तिच्या ओठांना लावी आणि काही न विचारता परत जाई. मग एका संध्याकाळी खडकावरचा बर्फ सरला, थेंब एकामागून एक सुटू लागले, आणि सांजकाटी फुलली. फुलांना देठच नव्हते. वाऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून ती पानांतच रुतून बसली होती, इवली, पिवळी. नीहारानं नमस्कार केला आणि मगच उठली.

खाऱ्या वाळवंटात सगळं पांढरं होतं, पण थंड काही नव्हतं. मिठाची भुई डोळ्यांत घुसे. सावली नावाला नाही. लवणाचे वडील आगरात मीठ ओढत होते. त्यांनी नीहाराला सांजकाटीपाशी नेलं. ही सांजकाटी तांबूस होती आणि तिची पानं बाळाच्या बोटांसारखी गुबगुबीत होती.

“बाबा, हिला पाणी कुठलं?” नीहारानं विचारलं.

“हेच. खारं.”

“आणि गोडं?”

“गोडं पाणी माणसाला. हिला ते सोसायचं नाही,” म्हातारा म्हणाला. मग त्याचा हात थांबला. “आम्ही लग्नात म्हणालो होतो तसं. व्याही हसले. म्हणाले, गोडं पाणी कुणाला नको असतं का?”

नीहारा बसली. जीभ टाळ्याला चिकटली, ओठांवर मीठ साठलं. झाड मात्र मजेत होतं. ते खारं पाणी पिई, मीठ आपल्या जुन्या पानांत साठवी, आणि पान काठोकाठ मिठानं भरलं की ते सरळ टाकून देई. सोसवेल तेवढं सोसायचं आणि नकोसं होईल ते झटकून मोकळं व्हायचं, हे नीहारा टक लावून बघत राहिली. तिच्या अंगावरची पिसं आता खांद्यांवर चढली होती. दूर राजवाड्यात कलश रोज रिता होत होता. लवणाची आई वाटीनं पाणी आणून तिच्या तोंडी लावी, आणि वाटी परत नेताना वळून वळून तिच्या बाहीकडे बघे. शेवटी तापलेला वारा सुटला, मिठाच्या भुईला भेगा पडल्या, आणि ज्या हवेत दुसरं कुठलंही झाड मान टाकेल त्या हवेत सांजकाटी फुलली. जांभळी फुलं, मिठाच्या कडांची.

तिसरं वाळवंट म्हणजे नीहाराचं माहेर, आणि तिथं बसणं सगळ्यांत अवघड. कारण दारात आई उभी.

“अगं, आत ये! बाहेर कसली बसतेस? पाय धू, जेव.”

“आत आले तर उठावं लागेल, आई. मला झाड फुलेपर्यंत बसायचंय.”

“झाड काय पळून जातंय? हे असलं शिकवलं का सासरी?”

पण आई शेवटी आईच. तिनं ताट बाहेर आणलं, लेकीसमोर वाळूत ठेवलं, आणि भरवायला म्हणून वाकली तेव्हा तिला गळ्यापाशी पिसं दिसली. घास हातातच राहिला.

“हे कधीपासून?”

नीहारानं सगळं सांगितलं. पिंजऱ्यांचं सांगितलं, कलशाचं सांगितलं, दाराआडून ऐकलेलंही सांगितलं. आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “मी येते तुझ्याबरोबर. त्या राणीला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायची नाही मी!”

“दोन नाहीत, पुष्कळ साठलेत,” नीहारा म्हणाली. “पण माझे मीच बोलेन.”

ज्या झाडाशेजारी ती लहानाची मोठी झाली, ते झाड तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पहाटे समुद्रावरून धुकं येई. पानांवरच्या बारीक केसांना ते अडके, त्याचे थेंब होत, आणि पानाच्या मधल्या पन्हळीतून घरंगळत नेमके झाडाच्या भोवती पडत. मुळं खोल नव्हतीच. वाळूच्या पापुद्र्याखाली ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दूरवर पसरली होती, आणि नीहारा त्यांच्यावरच बसली होती. ती घाईनं बाजूला सरकली. बुंध्याशी कलश ओतून या मुळांना काय मिळणार? बुंधा कुजणार आणि मुळं तहानेलीच राहणार.

डोंगरातलीनं ऊब साठवली, खाऱ्या भुईतलीनं मीठ टाकलं, या किनाऱ्यावरचीनं हवेतून पाणी वेचलं. नाव एक, काटे एक, झेंड्यावरचं चित्र एक, आणि प्रत्येकीनं संसार मांडला तो आपल्या गावच्या हवेशी बोलून, तिचं ऐकून. राजवाड्यात कुणी कुणाचं ऐकलं होतं?

एके दिवशी धुकं पहाटेचं आलं ते सांजेपर्यंत हललं नाही. झाडावर पांढरी फुलं उमलली. त्याच वेळी धुक्यातून एक बाई आली आणि नीहाराशेजारी वाळूत मांडी घालून बसली. तिच्या लुगड्याला काठाऐवजी काटे होते. ती वज्रकंटका होती.

“बसलीस,” चेटकीण म्हणाली.

“बसले,” नीहारा म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. “तुम्हीच ना त्या? सोनं चोरलं राजानं, झाडं उपटली राजानं. मग पिसं आम्हाला का? त्यांच्या हातानं पानं गळतात, आणि शिक्षा आमच्या अंगाला? शाप द्यायला तुम्हालाही सुनाच सापडल्या?”

वज्रकंटकेनं तिच्याकडे नीट पाहिलं. “पिसं म्हणजे शिक्षा, असं तुला कुणी सांगितलं?”

नीहारानं आपल्या हातांवरच्या पिसांकडे पाहिलं.

“मुली, नको तिथं लावलेलं रोप मरणार, हे मला दिसत होतं. रोपाला उठून जाता येत नाही. मुलीला येतं, पण तिला जाऊ देत नाहीत. म्हणून मी पंख दिले. रोप गेलं की पोरीनं उडून घरी यावं, आणि माहेरच्या दारात पाय टेकले की पुन्हा मुलगी व्हावं. पिंजरे माझ्या शापात नव्हते. ते त्यांनी केले.”

धुकं नीहाराच्या पिसांवर साठून थेंब थेंब गळत राहिलं. तुंगाच्या आईची कांजी तिला आठवली, लवणाच्या आईची वाटी आठवली. त्या दोघी दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि त्यांच्या लेकी जयजयकार करून दाणे मिळवत होत्या.

“आणि उःशाप?” तिनं विचारलं. “रोपं अंगणात फुलवायची, तो?”

“असं मी कधी म्हटलं? ज्याला माझ्या सोन्यावर बसायचं आहे, त्यानं आधी माझ्या तिन्ही झाडांपाशी, त्यांच्या त्यांच्या गावी, भुईवर बसावं. ती फुलेपर्यंत. मग त्याला ते सोनं गार, आणि माझी सगळी पिसं आपोआप गळतील. त्या चोराचा मुलगा म्हणाला, एवढ्या लांब कोण जाणार? नातू म्हणाला, भुईवर कोण बसणार? भाटांनी त्याप्रमाणे गाणं रचलं.” एवढं बोलून वज्रकंटका उठली आणि धुक्यात मिसळून गेली.

आई दारात उभी राहून ऐकत होती. “मग तू कशाला जातेस परत?” ती म्हणाली. “गळू दे ते शेवटचं पान. तू इथंच आहेस, दारातच आहेस. क्षणभर पाखरू होशील आणि पुन्हा माझी होशील.”

ते खरं होतं. नीहाराला नुसतं बसून राहायचं होतं. उंबरा हाताच्या अंतरावर होता.

“दोघी पिंजऱ्यात आहेत, आई,” ती म्हणाली आणि सांडणीकडे गेली.

राजवाड्यात त्या दिवशी सभा भरली होती. रोपावर एकच पान उरलं होतं आणि राणीनं सगळी तयारी करून ठेवली होती. तिसरा पिंजरा टांगलेला होता. सोनार कोपऱ्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाराची कडी दाखवत होता. सुरथ अंगणाच्या पायरीवर उभा होता. त्याचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले होते.

“कलश मीच घालतो म्हणालो आईला,” तो नीहाराच्या कानाशी लागला. “रोज अर्धा माझ्या पायांवर सांडत होतो. याहून जास्त जमलं नाही.”

“एक पान त्यावरच राहिलंय,” नीहारा म्हणाली.

“आलीस?” राणी म्हणाली. “बरं झालं. ये, इथं पिंजऱ्याजवळ उभी राहा. मागून शोधाशोध नको.”

नीहारा पिंजऱ्यापाशी आली. तिथून पुढं गेली. सिंहासनाच्या पायऱ्या चढली. सभेला कळेपर्यंत ती त्यावर बसली होती.

सभा ओरडली. कुणी डोळे मिटले, कुणी कानांत बोटं घातली. किंकाळी आली नाही. सोनं माठासारखं गार होतं. अंगणात शेवटचं पान गळलं, आणि नीहाराच्या अंगावरची सगळी पिसं एकदम सुटून गालिच्यावर पडली. पाखरांसाठी घडवलेल्या पिंजऱ्यात बाई मावत नाही, त्यामुळे दोन्ही पिंजरे कडाडून फुटले आणि तुंगा आणि लवणा खाली उभ्या राहिल्या. लवणानं सवयीनं ‘महाराजांचा जय’ एवढं म्हटलं, मग तोंडावर हात ठेवला, आणि मग भर सभेत थुंकली.

राजा दंडधर लंगडत पुढं झाला. त्यानं सिंहासनाच्या हातावर हळूच बोट टेकवलं आणि चटकन मागं घेतलं. “आम्हाला अजून भाजतंय,” तो बारीक आवाजात म्हणाला.

“ऊठ!” राणी ओरडली. “वडीलधारी माणसं उभी आहेत आणि सून बसते? तुझ्या माहेरी हेच शिकवलं?”

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजा खरोखरच त्या तीन झाडांपाशी बसायला गेला. त्याच्याबरोबर राणीही गेली, आणि डोंगरावर तुंगाच्या आईनं तिला बसायला जागा दिली, पण बोलायला काही दिलं नाही. भुईवर बसताना राजाचे गुडघे वाजले ते खालच्या दरीत ऐकू गेले. परत आले तेव्हा सिंहासन त्यालाही गार लागलं आणि त्याचे निवाडेही बरे होऊ लागले. भाटांना गाणं बदलावं लागलं. सोनारानं पिंजरे वितळवून झाऱ्या केल्या. तुंगा आणि लवणा आपापल्या माहेरी जाऊन राहून आल्या, आणि मनात येईल तेव्हा पुन्हा जात राहिल्या. कुणी त्यांना परवानगी विचारायला लावली नाही. अंगणात कुणाच्या ओटीतलं रोप पुन्हा कुणी मागून लावलं नाही. मग एका वर्षी तिथं त्या गावचीच एक सांजकाटी आपण होऊन उगवली. तिचं मूळ किती खोल गेलं ते कुणी उकरून पाहिलं नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या वेळी सभेत राणीचा हात उगारलेला होता, राजा बोटावर फुंकर मारत होता, आणि शापित सोन्यावर बसलेली ती अबोल सून पदर सावरून, कुणालाही मधे बोलू न देता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“सासूबाई, मी उठायची नाही. मामंजी, तुमचे पाय दुखतात ते मला दिसतंय. तुम्हाला बसायला डोंगरावर जागा आहे, मिठाच्या भुईवर आहे, आमच्या किनाऱ्यावर आहे. तिथं जा, खाली बसा, आणि ज्या आयांच्या मुली तुम्ही कोंडल्यात त्यांच्या हातचं खाऊन दाखवा. झाड कधी फुलेल ते झाड ठरवेल. तोवर राज्य आम्ही तिघी बघतो.”